कोपऱ्यातलं नाव

हिमांशू: नाव टाकायचं नाही म्हणजे नाही, अजिनाथ. पाच वाजता उद्घाटन आहे आणि तू ब्रश घेऊन कोपऱ्यात बसलायस?

अजिनाथ: नावच टाकाय बसलोय की सर. ‘अजिनाथ आर्ट, वैजापूर’ न् खाली मोबाइल नंबर. आमच्या मार्केट यार्डातला एक बोर्ड दाखवा ज्याच्या कोपऱ्यात आपलं नाव नाय.

हिमांशू: अरे, ती आडत दुकानं. हा उस्मानपुऱ्यातला पहिला चिलियन कॅफे आहे. इंटिरिअर माझं आहे, अब्रू माझी आहे.

अजिनाथ: ह्यो देश कॅफेच्या मालकाला, राजकुमारशेठला, सापडला तरी कुठं?

हिमांशू: गारखेड्यात इटली झालंय, स्टेशन रोडला मेक्सिको झालंय. चिली तेवढं रिकामं होतं. आता ऐक. उमा मॅडम येतायत, चित्रकलेच्या निवृत्त प्राध्यापिका. चिलीच्या चित्रकारांवर त्यांचं भाषण आहे. त्यांनी काही विचारलं तर ततपप करू नकोस. एकेक भिंत कुणाच्या शैलीत काढलीयस ते सांग मला. पहिली?

अजिनाथ: रोबेर्तो मात्ता. ह्येच्यात जमीन कुठली न् आभाळ कुठलं, पत्ता लागत नाय. नुसत्या रेघा, धूर, उजेड, न् मधीच यंत्रावाणी माणसं. लई तरास दिला ह्यानं.

हिमांशू: सरळ काढलंयस ना?

अजिनाथ: तुम्ही दिलेला कागद चारी अंगांनी फिरवून बघितला. चारीकडून सारखाच. मग स्विचबोर्ड ज्या अंगाला हाय ते खालचं धरलं.

हिमांशू: हे मॅडमना सांगू नकोस. दुसरी?

अजिनाथ: क्लाउदिओ ब्राव्हो. ह्यो आपला माणूस. कागदात बांधलेलं पार्सल, सुतळीची गाठ, कागदाची चुणी न् चुणी खरी. सकाळी वेटर उचलाय गेला, म्हणला कुरिअर आलंय. तिसरी नेमेसिओ आंतूनेस. काळ्यापांढऱ्या चौकडीची फरशी न् तिच्यावर मुंगीएवढी माणसं. चारशे काढली. शेवटी गुलमंडीतली दिवाळीची गर्दी आठवली न् हात चालवला.

हिमांशू: आणि चौथी पाब्लो बुर्चार्द. ही मात्र कमाल झालीय यार. खरंच. कोणता फोटो पाठवला होता मी?

अजिनाथ: फोटो नव्हता आला, सर. तुमचा व्हॉइस मेसेज आला. ‘साधी जुनी भिंत काढ, ऊन पडलंय, वर काहीतरी टांगलंय, बाकी रिकामं ठेव.’ मी ठेवलं.

हिमांशू: मग ही भिंत कुठली?

अजिनाथ: आमच्या घराची, मागली. वर बापाची घोंगडी हाय. मेंढरामागं हिंडताना ती पांघरायचा त्यो. बाप गेला, घोंगडी तेवढी ऱ्हायली. त्याचा फोटो काढायचं कुणाला सुचलंच नाय, म्हणलं निदान ती तरी काढावी.

हिमांशू: मेलो! अरे, पितळेची पाटी ठोकून झालीय. ‘पाब्लो बुर्चार्द यांच्या शैलीत.’ आता तोंड उघडू नकोस... या, या मॅडम! ऊन लागलं का?

उमा: ऊन तर लागायचंच. बघू द्या आधी. हं, मात्ता! वास्तुकला शिकला, देश सोडला आणि मनाच्या आतलं अवकाश कॅनव्हासवर मांडलं त्यानं. किती नेमकं पकडलंय! वर-खाली हे बंधनच उरलेलं नाही.

अजिनाथ: स्विचबोर्ड हाय तेवढा.

हिमांशू: पुढे, मॅडम, पुढे.

उमा: ब्राव्हो छान. आंतूनेसही छान, गर्दीतलं एकटेपण आलंय. आणि हे... अहाहा! हिमांशू, मला खुर्ची द्या. याला म्हणतात बुर्चार्द! चिलीतला किती मानाचा माणूस, आणि काढलं काय, तर अंगण, भिंत, सावली. हा संयम बघा. आपल्या लोकांना भिंत रिकामी ठेवताच येत नाही, लगेच मोर काढतात. आणि त्या वस्त्राला पडलेलं छिद्र! एका अख्ख्या देशाची जखम आहे हो ती.

अजिनाथ: ठिणगी पडली होती, मॅडम.

उमा: कुठे?

अजिनाथ: घोंगडीवर. शेकोटीची. ल्हानपणी त्या भोकात बोट घालून झोपायचो मी. आई ते भोक शिवाय बसली तर रडून गाव गोळा केलं.

हिमांशू: थकलाय बिचारा. चार दिवस झोप नाही.

उमा: थांबा. म्हणजे हे चित्र...

अजिनाथ: माझं हाय. ती तीन त्यांची बघून काढली. हे एक माझं.

उमा: असं होय! तरी मी म्हणणारच होते, छिद्र जरा मोठंच झालंय. आणि ही बाजू फार ओकीबोकी नाही वाटत? काहीतरी हवं होतं इथे.

अजिनाथ: मोर काढू?

उमा: राग मानू नका. हात चांगला आहे तुमचा. पण असं काही काढायचं तर मागे परंपरा लागते.

अजिनाथ: मागं मेंढरं होती, मॅडम.

उमा: हिमांशू, मी बुर्चार्दवर सहा मिनिटं ठेवली आहेत. भाषणाचा मजकूर वर्तमानपत्रांनाही गेलाय. पाटी राहू द्या. चित्र तेच, भाषण तेच. कुणाचं काय बिघडतंय?

हिमांशू: ऐकलंस? चित्र जसंच्या तसं राहतंय. पुढच्या हॉटेलच्या दहा भिंतीही तुलाच, शब्द देतो.

अजिनाथ: न् पाटी काढून माझं नाव टाकलं तर?

हिमांशू: तर चित्र राहणार नाही. शेठला काय सांगू, चिलीच्या कॅफेत वैजापूरची घोंगडी टांगली म्हणून? पांढरा मारावा लागेल. पाटीसकट चित्र, नाहीतर कोरी भिंत. बोल लवकर.

अजिनाथ: सर, पार्सल ब्राव्होचं म्हणा, मुंग्या आंतूनेसच्या म्हणा. रास्त हाय. पण पाच वाजता आई येतीया बघाय. तिला वाचता येतं. साक्षरतेच्या वर्गात शिकली, एकेक अक्षर जुळवून वाचती. ती पाटी वाचणार न् इचारणार, ह्यो पाब्लो कोण? तुझ्या बापाची घोंगडी ह्याच्याकडं कशी?

उमा: सांगा की, फार मोठा चित्रकार होता.

अजिनाथ: असंल की मोठा. त्याच्या बापाचं काय टांगलेलं असंल तर त्यानं ते काढावं.

हिमांशू: मग काय ठरलं?

अजिनाथ: पांढऱ्याचा डबा कुठंय?

(पाऊण तास जातो. भिंत पांढरी होते.)

उमा: अजून दिसतंय थोडं.

अजिनाथ: काळं हाय, मॅडम. एका हातात झाकत नाय. दुसरा मारला, आता तिसरा मारतो.

हिमांशू: वाईट मलाही वाटतंय रे. चांगलं होतं.

अजिनाथ: मगाशी मॅडमसमोर म्हणला असता तर बरं झालं असतं, सर.

उमा: एक मिनिट, हिमांशू. मागे सरकून बघा बरं. ही नुसती पांढरी भिंत, तिच्यावर खिडकीतलं ऊन... साधेपणाचा कळसच म्हणायचा. बुर्चार्दवर इथेही सहा मिनिटं सहज बोलता येईल.

हिमांशू: खरंच? मग पाटी राहू दे! अजिनाथ, पाटी पूस जरा, शिंतोडे उडालेत... आता परत कोपऱ्यात काय बसलास? ऊठ, पाहुणे यायला लागले.

अजिनाथ: नाव टाकतोय.

हिमांशू: अरे, कशाला? काय आहे त्या भिंतीवर?

अजिनाथ: पांढरा तर मीच मारलाय ना, सर. न् ती बघा, आई रिक्षातनं उतरली. तिला वाचाय कायतरी पायजे की.