अकरा नंबरचा शेरा

...नाही पण, शून्य लिहायची मला एवढी हौस का आली होती, सांगा की तुम्हीच! एखादा दिवस एक लिहिला असता. 'किंचित लाली.' झालं!

तुम्हाला सांगतो, आमची प्रयोगशाळा डेजॉनला, आणि काम काय, तर चष्मा जावा म्हणून डोळ्याच्या आत बसवायचं भिंग, हे एवढंसं, नखापेक्षा लहान. पण डोळा महासंशयी हो! आत कुणी परकं आलं की लगेच सूज, लाली, भिंगावर चिकट थर... म्हणून आम्ही त्याला नवा लेप लावला, डोळ्याला पत्ताच लागू नये की घरात पाहुणा शिरलाय. माणसाआधी मान सशांचा. सहा ससे, नंबर सात ते बारा, आणि रोज सकाळी दिव्याखाली डोळा बघून शेरा देणार कोण? मी, प्यो ग्वांगसिक, स्वतःच्या चष्म्याचा नंबर उणे नऊ! शून्य म्हणजे डोळा स्वच्छ, चार म्हणजे सत्यानाश.

नियम असा की सशाला नाव द्यायचं नाही. नाही दिलं! पण हा अकरा नंबर... पिंजरा उघडला की आपण होऊन यायचा आणि हनुवटी माझ्या मनगटावर टेकवून बसायचा. आणि डोळा? आठवडा झाला, शून्य. महिना झाला, शून्य! मी वेडा, आमच्या प्रमुख मेंगबाईंना हाताला धरून आणतोय, "बाई, बघा तरी, नुसता आरसा!" जसं काही पोराचं प्रगतिपुस्तक. एक लिहिला असता हो...

आठ नंबर बरोब्बर उलटा. डोळा लालबुंद, शेरा दोन, आणि जवळ गेलं की कडकडून चावणार!

नव्वदावा दिवस. आता डोळे कापून तपासायचे, म्हणजे ससे जाणार. बाई म्हणाल्या, "प्यो, एक ससा वगळायचाय. घरी नेता का?" माझ्या ओठावर आलंच होतं, अकरा! तेवढ्यात त्याच म्हणतात, "आठ न्या. त्याचा टाका माझ्याच हातून सैल पडला होता, लाली त्याची की लेपाची, कोण सांगणार? ज्याच्यात शंका तोच गाळता येतो."

"आणि... अकरा?"

"अहो, अकरा तर आपला निकाल! नव्वद दिवस शून्य, तुमच्याच अक्षरात!"

शंका! एवढीशी शंका पुरली असती, आणि मी एकही शिल्लक ठेवली नाही!

शरदात आमच्याकडे गेलेल्या प्राण्यांची पूजा असते, इमारतीमागच्या त्यांच्या आठवणीच्या दगडापुढे गाजरं, कोबी, पांढरी शेवंती, आणि त्यांना उद्देशून निरोपाचा कागद वाचायचा. यंदा कुणी? प्योनं! सुरुवात झोकात केली, "तुमच्यामुळे माणसं चष्म्याशिवाय जग बघतील..." आणि माझ्याच चष्म्याला वाफ! पुढची ओळ दिसेना. मागून बाई कुजबुजतायत, "प्यो, वाचा की..." त्यांचाही आवाज बसलेला. काय वाचू, कपाळ?

आठ आता आमच्या न्हाणीघरात असतो. आमची सुक्जा विचारते, "अहो, याचं नाव काय?"

"आठ."

"आठ हे काय नाव झालं?"

"नियम आहे."

रोज सकाळी मी त्याच्या डोळ्यात थेंब घालतो, रोज तो चावतो. सुक्जा ओरडते, "अहो, हात काढा ना!" नाही काढत. अकरानं मला एकदाही चावलं नाही हो... म्हटलं, चाव बाबा, त्याच्या वाटचंही तूच चाव.