प्लॅटिनमची पट्टी

(सातपाटी. वलांडीपाशी, म्हणजे मासे वाळवायच्या बांबूच्या मांडवापाशी, जमना आणि तिची मुलगी हिमानी ओले बोंबील वाळत घालताहेत.)

हिमानी : ...म्हणून लॅबमधल्या प्रियंकाला सांगणार आहे, माझं मशीन बंद कर. मी परत लॅबमध्ये येत नाही.

जमना : आनी पीएचडी?

हिमानी : राहिली तर राहिली.

जमना : बोंबलाच्या जबड्यात जबडा नीट अडकव. पडंल तो. काल तर म्हनालीस, सोमवारी जाते.

हिमानी : काल तू पण ‘जा’ म्हणालीस. आज सकाळपासून ‘ऱ्हा, ऱ्हा’ चाललंय.

जमना : माझं सोड. अनुज गेल्यापासून माझं असंच हाय. सकाळी वाटतं सगळं उरकावं, दुपारी वाटतं उठूच नये. त्या मशीनमधी करतेस काय, ते तरी सांग. भावाला सांगायचीस. मला कधी नाय सांगितलंस.

हिमानी : फॉर्मिक आम्ल असतं. मुंगी चावते ना, त्यातलं. त्यात प्लॅटिनमची पट्टी बुडवून वीज सोडायची. वीज एकसारखी, कमी नाही, जास्त नाही. तरी व्होल्टेज आपोआप वर जातं, खाली येतं. परत वर.

जमना : भरती-ओहोटी.

हिमानी : नाही गं. भरतीला चंद्र लागतो. इथे बाहेरून कोणी ओढत नाही. आम्ल जळताना पट्टीवर विष धरतं. पट्टी चोंदते, व्होल्टेजचा जोर वाढत जातो. वाढता वाढता ते विषही जळतं, पट्टी मोकळी होते. मग पुन्हा धरतं.

जमना : आनी जळलंच नाय तर?

हिमानी : मग वर-खाली थांबतं. नुसतीच चोंदून बसते.

जमना : काल बाजारात अनुजच्या दोस्ताला बघितलं, त्या धीरजला. टोपली टाकून रडले. बायकांनी धरलं मला. घरी येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या. तुझे बाबा घाबरतात मला. मी तुला घाबरते.

हिमानी : मला? मी काय केलं?

जमना : कायच नाय केलंस. मनोरला हायवेवर त्याची बाईक पडली, तो फोन तूच घेतलास. कपडे तूच वळखलेस. दहाव्याला कावळा शिवंना, तर सगळे रडत व्हते आनी तू चटया गोळा करत व्हतीस.

हिमानी : मला काही वाटतच नाही, आये. हा बोंबील गार आहे, तेवढं हाताला कळतं. लॅबमध्ये जाऊन तरी काय करू? नुसती बसेन.

जमना : चोंदलेल्या पट्टीचं काय करता तुमी? फेकता?

हिमानी : प्लॅटिनम आहे! फेकतात का? ज्वालेत धरायची, लालबुंद होईपर्यंत. मग निवू द्यायची. परत तीच पट्टी वापरायची.

जमना : तीच?

हिमानी : तीच.

जमना : मग तुला पन कधीतरी आग लागंल, बाय. लागू दे. मी हाय इथं.

हिमानी : कधी?

जमना : ते मला काय ठावं? हात पूस. प्रियंकाला फोन लाव. मशीन बंद करायचं तर कर म्हन. पट्टी मात्र ठेव म्हन. आये म्हनते, आमची हिमी येनार हाय.