बेहड्यातली भुकेली

सरा जवळ आणि ऐका. ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नाही.

माझा चुलतभाऊ होता, बाबल्या दळवी. अभयारण्याची हद्द संपते ना, तिथं त्याची काजूची बाग. बांधावर जुना बेहडा. त्याच्या ढोलीत दरसाल ककणेराची जोडी यायची. ककणेर म्हणजे ते मोठ्या चोचीचं पाखरू. मादी ढोलीत शिरते, चिखलानं आणि आपल्या घाणीनं ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि बोटभर फट ठेवते. मग दोन-तीन महिने आतच. नर उंबरं आणतो आणि फटीतून भरवतो. तो आला तर ती जेवणार. नाही आला तर नाही.

त्या चैत्रात बाबल्यानं नर मारला. ठासणीच्या बंदुकीनं. जावई जेवायला येणार होता, एवढंच कारण.

माझे वडील शिडी घेऊन गेले. म्हणाले, "बाबल्या, आत मादी आहे, पिल्लं असतील. मला वर चढू दे. फळं तरी देतो."

बाबल्या बंदूक घेऊन आडवा उभा राहिला. "काका, फॉरेस्टची हद्द पलीकडं. इथलं झाड माझं. पाय ठेवलात तर बघा."

वडील परत आले. काय करणार? आठ दिवस ढोलीतून टकटक ऐकू यायची. नवव्या दिवशी ती थांबली.

दहाव्या दिवशी, अंधार पडल्यावर, बाबल्या काजूच्या राखणीला निघाला. फडक्यात भाकरी आणि सुकट. वाट पायाखालची. जन्म गेला त्या वाटेवर.

नाल्यापाशी डोक्यावर टप्प करून उंबर पडलं. बाबल्यानं वर बघितलं. वर उघडं आभाळ. उंबराचं झाड तिथं नव्हतंच कधी. पुढं गेला. आणखी एक पडलं. मग दोन. मग सडाच.

तो भरभर चालायला लागला. तेवढ्यात पुढून बाईचा आवाज आला. दबका, घसा सुकलेला.

"आणलंस का?"

"कोण आहे?" बाबल्या म्हणाला.

कोणी नाही. चार पावलं टाकली, आणि आवाज मागून. "आणलंस का?" मग डावीकडून. मग, ऐका, त्याच्याच हातातल्या फडक्यातून. आतून काहीतरी फडक्याला टोचत होतं.

त्यानं फडकं फेकलं आणि पळत सुटला. वाट सोडून, काट्याकुट्यातून. पळून पळून दम लागला, हात टेकला, तर हाताखाली बेहड्याचं खोड. उलट्या दिशेनं पळाला. पुन्हा बेहडा. तीनदा पळाला आणि तीनदा तिथंच आला.

चौथ्यांदा पाय उचलेनाच. मुळांच्या मधे जी खोबण आहे, तिच्यात कोणीतरी त्याला पाठीमागून ओढून बसवला. आणि समोरून लिंपायला सुरुवात झाली. ओला चिखल. पाखराच्या घाणीचा वास. गुडघे गेले, छाती गेली. ओरडायला तोंड उघडलं तर तोंडातही तेच. डोळ्यांपुढं बोटभर फट राहिली. फटीपलीकडं एक लाल डोळा. बघत बसलेला. भरवायला कोणी येतंय का, याची वाट बघत असल्यासारखा.

बाबल्याला हात हलवता येईना. तो डोकं खोडावर आपटत राहिला. टक. टक. टक.

माझे वडील त्या रात्री चूड पेटवून वरच्या वाडीहून उतरत होते. त्यांना ती टकटक ऐकू आली. त्यांना वाटलं, मादी अजून जिवंत आहे. म्हणून ते तिकडं वळले, बाबल्यासाठी नव्हे. बघतात तर खोबणीत बाबल्या, डोळे पांढरे, तोंड चिखलानं ठासलेलं. बोटं घालून त्यांनी चिखल काढला. आणखी थोडा उशीर झाला असता तर श्वास गेलाच होता.

सकाळी वडील वर चढले. ढोलीत मादी वाळून गेलेली, पंखाखाली दोन पिल्लं. बाबल्या जगला, पण घराचं दार लावू देईना. पावसातसुद्धा पडवीत झोपायचा. मरेपर्यंत.

त्या बेहड्यात पुन्हा ककणेर बसलं नाही. पण आत कोणी नाही असं समजू नका. तिची भूक भागलेली नाही.

उद्या तुम्ही बागेकडं जाणार ना? नदीकाठानं जा. कोसभर लांब पडतं. पडू दे.