डावखुरी सुरी

जेसल पार्कजवळ धार लावणाऱ्या सहादेवकाकांकडे मी कात्री घेऊन थांबले होते. माझ्यापुढे चेणे गावातून आलेली एक बाई होती. तिने पिशवीतून तीन गंजलेल्या सुऱ्या काढल्या.

"काका, यातली माझ्या सासूची कुठली, ते कळंल का?"

"त्यांनाच दाखवा ना."

"त्यांना आता माणसंपण ओळखू येत न्हाय. माझी सुरी आण, मासळी कापायची हाय, एवढंच बोलतात. दोन दिवस नीट जेवल्या न्हाय."

"थांबा, जरा गंज घासू दे." काकांनी तिन्ही पाती घासून एक सुरी उचलली. "हिचं पातं बघा, उलट्या बाजूनं झिजलंय. सासूबाई डावखुऱ्या आहेत?"

"हो, डावखुऱ्याच."

"मग हीच. मस्त धार लावून देतो."

"धार नको. नुसती चकचकीत करा. त्यांचा हात थरथरतो."

"बोथट सुरी त्यांना लगेच कळेल, ताई. माझी नाही म्हणून बाजूला ठेवतील."

"आणि हात कापला तर?"

"ते मी कसं सांगू?"

तिने सुरी डाव्या हातात धरून पाहिली आणि काकांना परत दिली.

"लावा धार. मासळी मी धरीन."