धाकटीची खळी

थोरली : सुई बाजूला ठेवा, डॉक्टर. भिंतीवर लावलाय ना, तो फोटो माझा नाही.

डॉक्टर : म्हणजे? हलू नका, गालाला खुणा केल्यात मी.

थोरली : पुसा त्या. फोटो माझ्या बहिणीचा आहे. धाकटीचा.

डॉक्टर : अहो, वर्षभर मी या फोटोवरून सुईनं फिलर टोचून तुमचा चेहरा भरतेय!

थोरली : हो. तुम्हीच म्हणालात, तरुणपणीचा एखादा फोटो आणा, गाल कुठून उतरलेत ते कळेल. मी तिचा आणला.

डॉक्टर : मी सगळ्यांकडून फोटो मागते. काही जणी नट्यांचे आणतात, ते लगेच कळतं. पण बहिणीचा? मला शंकासुद्धा आली नाही. हाडं तीच तुमची, कपाळ तेच. आणि बहिणीला चालतं हे?

थोरली : ती नाही आता. न्यूमोनिया झाला होता. पंचविशीसुद्धा ओलांडली नाही. हा तिचा शेवटचाच फोटो.

डॉक्टर : जरा बसते मी.

थोरली : बसा.

डॉक्टर : पहिल्यांदा आलात तेव्हा म्हणालात, बँकेत काउंटरवर बसते, येणारा जाणारा विचारतो, बरं नाही का. तेही खोटंच होतं?

थोरली : ते खरं होतं. गालांची पार वाटी झाली होती. तुम्ही डोळ्यांखाली भरलंत, गालांत थोडं भरलंत आणि मी घरी गेले. आई खिडकीपाशी बसली होती. तिला विसर पडत चाललेला. मला ती 'बाई' म्हणायची. बाई, पाणी द्या. बाई, तुमचे पैसे मिळाले का. पोटची मुलगी मी, डॉक्टर! त्या दिवशी मात्र दारातच मला बघितलं आणि म्हणाली, "धाकटे, आलीस होय गं?"

डॉक्टर : आणि तुम्ही काय म्हणालात?

थोरली : आले, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? कित्येक महिन्यांनी ती हसली होती. त्या दिवशी स्वतःच्या हातानं जेवली.

डॉक्टर : मला सांगायचं होतंत.

थोरली : सांगितलं असतं तर भरलं असतंत?

डॉक्टर : नसतं.

थोरली : म्हणून नाही सांगितलं. थोड्या महिन्यांनी गाल पुन्हा उतरायला लागले. आई माझ्याकडे बघताना गोंधळायची. एकदा पुन्हा 'बाई' म्हणाली. मग मी कपाटातून फोटो काढला आणि तुमच्याकडे आले.

डॉक्टर : तेव्हाच रक्ताचंही करून घेतलंत तुम्ही. आपलंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातलं कामाचं तेवढं परत टोचायचं. खूप टिकतं ना, खूप टिकतं ना, असं दहादा विचारलंत. मला वाटलं, बाईंना हौस आहे.

थोरली : हौस कसली. भीती होती.

डॉक्टर : एक विचारू? मघापासून बघतेय. जरा हसा.

थोरली : आता?

डॉक्टर : हसा ना. हं. ही डाव्या गालावरची खळी. पहिल्या दिवशी नव्हती. तेव्हाचे फोटो आहेत माझ्याकडे.

थोरली : तिला होती.

डॉक्टर : तेच तर. मी खड्डे बुजवते, पाडत नाही. ही मी केलेली नाही.

थोरली : मीही नाही केली. आईसमोर तिच्यासारखं हसायला लागायचं. ती मान तिरकी करून, एका बाजूनं हसायची. मी आरशासमोर तसं हसून बघायचे. एक दिवस बघते तर ही. मला वाटलं, उजेडामुळे दिसतेय. बोट लावलं, तर बोट आत गेलं.

डॉक्टर : स्नायूंना सवय लागते. काहीतरी कारण असणार.

थोरली : असेल. पण आता मला माझं हसू येत नाही, डॉक्टर. काउंटरवर कुणी विनोद केला की तीच हसते. शेजारच्या काउंटरवरची म्हणाली, तुझा आवाजसुद्धा बदललाय. घरातले आरसे मी भिंतीकडे तोंड करून ठेवलेत. आई विचारते, आरशाशी भांडलीस का?

डॉक्टर : मग आज का आलात? गाल अजून भरलेले आहेत. आणि आईंना घेऊन का आलात? माझी नर्स बाहेर त्यांना सांभाळतेय.

थोरली : तिला एकटीला सोडून येता येत नाही. आणि आज आले, कारण आई जेवत नाही.

डॉक्टर : धाकटी समोर असूनही?

थोरली : ताटावर बसली की विचारते, थोरली आली का? मी म्हणते, येईल. मग म्हणते, येऊ दे, एकत्र जेवू. ताट तसंच राहतं. परवा तर घास भरवायला गेले, तोंड मिटून घेतलं.

डॉक्टर : मग सांगा ना, मीच थोरली म्हणून!

थोरली : सांगितलं. हसली माझ्यावर. म्हणाली, लहानपणापासून ताईची नक्कल करतेस, अजून खोड गेली नाही.

डॉक्टर : अरे देवा.

थोरली : खरंच करायची हो धाकटी. माझी चप्पल घालायची, माझ्यासारखी कमरेवर हात ठेवून आईला रागवायची. आई हसून बेजार व्हायची. आता मी खरी, आणि मीच नक्कल. डॉक्टर, विरघळवायचं औषध असतं ना तुमच्याकडे?

डॉक्टर : असतं. आधी हातावर थोडं टोचून बघावं लागतं, सोसतंय की नाही ते. पण ऐका. भरलेलं विरघळेल. रक्तातलं जे टोचलं, त्यामुळे तुमच्या कातडीनं स्वतःहून जे नवं धरलंय, ते मला काढता येणार नाही.

थोरली : म्हणजे ती थोडी राहणारच.

डॉक्टर : ती नाही हो. तुमचंच रक्त आहे ते.

थोरली : सख्ख्या बहिणी आम्ही. रक्तात वेगळं काय असणार?

डॉक्टर : आणि दुसरं. चेहरा उतरला म्हणून आई तुम्हाला ओळखतीलच असं नाही. पुन्हा 'बाई' म्हणतील. मग धाकटीही नाही आणि थोरलीही नाही. चालेल?

थोरली : तेच ठरवता येत नाही म्हणून तर खुर्चीत बसलेय.

(दार ढकलून आई आत येते. मागून नर्स धावत येते. डॉक्टर हातानंच तिला थांबवतात.)

आई : धाकटे, किती वेळ? ट्रायल घ्यायला एवढा वेळ लागतो का? माझ्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक असं ताटकळत नसे.

थोरली : झालंच, आई. बस इथे.

आई : बघू, कुठे कमी-जास्त झालंय? या बाई शिवतात का?

डॉक्टर : हो, मावशी. जवळजवळ तसंच.

आई : इकडे कर तोंड. हं. गाल असे ताठ का गं? कॉलरला कॅनव्हास घातल्यासारखे. आत काय घातलंय?

थोरली : काही नाही गं.

आई : मला शिकवू नकोस. जन्मभर बोटांनीच कापड ओळखलंय. वरून झकास आहे, पण आत दुसरंच काहीतरी आहे. थोरलीचं असं नसतं. तिचे गाल मऊ पडलेत. माझं करून करून वाळली पोर.

थोरली : आठवतं तुला?

आई : न आठवायला काय झालं? तू येतेस, हसतेस, मला बरं वाटतं. पण तू पाहुणी गं बाळा. थोरली घरची. मी तिला 'बाई' म्हणायचे म्हणून रुसली का ती?

थोरली : तुला... तुला कळत होतं?

आई : तोंडाशी नाव यायचं नाही. पण हात तिचा आहे, एवढं कळायचं. पाणी देताना पेला माझ्या हातात नीट बसल्याशिवाय सोडत नाही ती.

थोरली : डॉक्टर.

डॉक्टर : हं.

थोरली : हात धरा माझा. टोचून बघा.

डॉक्टर : नक्की? नंतर मला म्हणाल...

थोरली : नाही म्हणणार. टोचा.

आई : दुखेल हं थोडं. उसवताना लागतंच. घट्ट डोळे मिट, धाकटे. मी आहे इथे.

थोरली : आई, मी आता जाईन मग.

आई : जा हो. किती दिवस राहिलीस, बरं वाटलं. पण ते दार उघडं ठेवायला सांग त्या नर्सबाईंना. थोरली बाहेरच उभी असेल. कुणी बोलावल्याशिवाय आत यायची नाही ती.