ग्रास ज्वेल आणि शांताबाईंचं खुरपं

तुम्हाला सांगते, ग्रास ज्वेल म्हणजे करंगळीच्या नखाएवढं फुलपाखरू. पंखाखालचे नारिंगी ठिपके दिसल्याशिवाय त्याची ओळख पटत नाही. दोन वर्षं मी ते शोधत होते. परवा तिगावजवळ संत्र्याच्या बागेत तसलंच एक गवतावर दिसलं आणि निंदणाऱ्या शांताबाईंचं खुरपं नेमकं तिकडेच वळलं.

मी ओरडले, "थांबा!"

"साप हाय का?" म्हणत त्या उडाल्या. फुलपाखरूही उडालं.

मी रडवेली होऊन कारण सांगितलं.

"ते भुरकं होय? बसा गुपचूप. याच गवतावर अंडे देऊन राहिलं ते. येईल ते वापस."

खरंच आलं. ठिपके दिसले, फोटो मिळाला.

शांताबाई तेवढं गवत सोडून पुढे सरकल्या. म्हणाल्या, "पिल्लं निघू द्या, मंग काढतो."