शेवटचा रकाना

मंडळी, तुम्ही कामधाम टाकून वामनरावांच्या शोकसभेला शाळेच्या या पडवीत जमलात. मला भाषण येत नाही. मी तिसऱ्या बुकापर्यंत शिकलेला माणूस. पण वामनरावांवर आज मी बोललो नाही तर कधीच बोलणार नाही.

वामनराव देवीची लस टोचणारे. मी सखाराम, त्यांचा पट्टेवाला. जव्हारपासून मोखाड्यापर्यंत डोंगर चढायचो. ते पोरांचे दंड धरायचे, मी वही धरायचो. रकाने मीच आखायचो. नाव, बापाचं नाव, पाडा, टोचल्याचा दिवस. आणि शेवटचा एक रकाना. आठ दिवसांनी पुन्हा जायचं, फोड उठला का, म्हणजे लस लागली का, बघायचं. ज्याला उठला नाही, त्याच्यापुढे त्या रकान्यात फुली. म्हणजे ह्याला पुन्हा टोचायचं.

रकान्यांच्या डोक्यावर मी काही लिहीत नसे. कोरं ठेवायचो. का? लाज, मंडळी. माझं अक्षर वाकडं. आत नावं कशीही लिहिली तरी चालतात, पण डोक्यावर लिहिलेलं कचेरीतले सगळे वाचतात. हसतील म्हणून भीती वाटायची.

वामनराव चिडवायचे, "सखाराम, ही वही आहे की तुझ्या सासुरवाडीची पायवाट? तुझ्याशिवाय कुणाला सापडायचीच नाही."

मी म्हणायचो, "मी आहे ना रावसाहेब."

"आणि उद्या तू नसलास तर?"

हेच ते विचारायचे. उद्या तू नसलास तर?

एका साली सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावर लस वाटेतच उन्हानं बिघडली. आठ दिवसांनी गेलो तर एकाही पोराला फोड नाही. मी प्रत्येक नावापुढे फुली मारली. नवी लस येईपर्यंत वामनरावांना मोखाड्याकडे दुसऱ्या कामावर धाडलं, आणि मला ताप भरला. वही नव्या माणसाकडे जायची होती. निघताना वामनराव माझ्या दारात आले.

"रकान्यांच्या डोक्यावर नावं घातलीस ना रे?"

मी पांघरुणातून म्हणालो, "घातली."

घातली नव्हती, मंडळी. खोटं बोललो. साध्या चार शब्दांसाठी खोटं बोललो.

नव्या माणसानं वही उघडली. त्या पाड्याच्या पानावर प्रत्येक नावापुढे फुली, डोक्यावर कोरं. त्याला वाटलं, सगळ्यांना फोड आला, काम झालं. तो डोंगर चढलाच नाही. त्याला दोष कसा देऊ? उन्हाळ्यात त्या पाड्यावर देवी आल्या. दोन पोरं गेली. भिवाची पोर सुकरी वाचली, पण तिचे डोळे गेले.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, ही वही कोणाची? मी दाराशीच उभा होतो. तोंड उघडलं नाही. वामनराव म्हणाले, "माझी. बघून घेणं माझं काम होतं." कचेरीत बढती मिळायची होती, ती गेली. मरेपर्यंत डोंगर तुडवले त्यांनी.

बाहेर आल्यावर मला वाटलं, मारतील. त्यांनी वही पुढे केली, दौत उघडली. म्हणाले, "आता तरी लिही." मी लिहिलं, 'पुन्हा टोचायचे'. वाकडंतिकडंच आलं. ते हसले नाहीत. कोणीच कधी हसलं नाही. ज्याला एवढा भ्यायलो, ते झालंच नाही हो!

सुकरी, तू तिथं खांबापाशी बसली आहेस. मला दिसते आहेस. तुझा बाप जन्मभर म्हणत राहिला, की ह्या टोचणाऱ्यानं आमची पोरं घालवली. त्यानं वामनरावांना पाणीसुद्धा दिलं नाही. ते तहानलेले टोचायचे आणि तहानलेले उतरायचे. मी त्यांच्यामागे वही घेऊन उभा असायचो. पंधरा वर्षं. एकदाही म्हणालो नाही की भिवा, तो मी.

सकाळी मी तुला विचारलं, एवढ्या लांबून कशाला आलीस गं? तू म्हणालीस, "माझी पोर त्यानंच टोचली. फोड उठला का नाय, ते त्यानं माझं बोट धरून त्यावर लावून दाखवलं. म्हनून आले."

मग मला राहवेना. ज्याला तुम्ही पाड्यावरच्यांनी पाणी दिलं नाहीत, तो माणूस निर्दोष होता. वही माझी होती. फुल्या माझ्या होत्या. कोरी जागा माझी होती. त्यांच्या हयातीत हे बोललो असतो तर त्यांना त्या पाड्यावर घोटभर पाणी तरी मिळालं असतं. आता बोलतोय. आता काय उपयोग? पण बोलतोय.

क्षमा मागायला मला तोंड नाही. वामनराव, तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. त्या पायांनी माझ्या वाटणीचे डोंगर चढले.

मंडळी, आता घटकाभर उभे राहू या, कोणी बोलू नका. सुकरी, त्यांच्यासाठी तू उठशील हे मला ठाऊक आहे. उठ बाई. पण मी जवळ उभा आहे म्हणून उठावंसं वाटत नसेल, तर सांग. मी पडवीच्या खाली जाऊन उभा राहतो.